आधी फेडलेला नवस

अण्णा गेला त्या दिवशी फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे वाळत घालत होते. फोन त्याच्या शेजारच्या मंगळम् मामींचा होता. त्या तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "लगेच ये. तुझा अण्णा भाजीच्या दुकानात पडला." ऑटोने राजवाड्यामागच्या त्याच्या गल्लीत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ओट्यावर माणसं जमली होती आणि आत पलंगावर वहिनी उशीला टेकून बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ती काही विचारू शकली नसती, कारण चार वर्षांपूर्वी तिची वाचा गेली होती. खरं सांगते, त्या दारात उभी असताना मला रडू आलं नाही. मला राग आला. 'त्याला दिलेल्या शब्दाचं काय?' असं मी मनातल्या मनात देवीला विचारलं.

तो शब्द कसा मिळाला, ते सांगायला हवं. अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तंजावूरच्या एका शाळेत त्याने उभा जन्म गणित शिकवलं, तमिळमधून. घरी मात्र मराठी. आमच्या इथल्या मराठी माणसांतल्या बहुतेकांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मला येतं, कारण सुट्टीत अण्णाने मला पाटीवर बाराखडी गिरवायला लावली. माणूस कडक. नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून त्याने कधी कुणाला गुण दिले नाहीत, सिद्धता मांडलीच पाहिजे. अशा माणसाने देवाच्या एका फुलावर विश्वास ठेवावा, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

वहिनीला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं थांबलं. पाय हळूहळू थोडा सुधारला, बोलणं नाही. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, आता फार आशा धरू नका. त्याच आठवड्यात अण्णा गल्लीच्या टोकाच्या देवीला कौल लावायला गेला. मी बरोबर होते. एका पानात पांढरी तगर, एका पानात तांबडी कण्हेर; दोन्ही पुड्या सारख्या बांधून देवीपुढे टाकायच्या आणि एखाद्या लहान मुलीला एक उचलायला सांगायची. पांढरं निघालं तर हो. "ती पुन्हा बोलेल काय?" अण्णाने विचारलं. मुलीने पुडी उचलली. पुजाऱ्याने उलगडली... पांढरं! अण्णाने ते फूल डोळ्यांना लावलं, बाहेर आला, समोरच्या दुकानातून नवसाचं हिरवं रेशमी लुगडं घेतलं आणि तिथल्या तिथे देवीला नेसवायला दिलं. नवस फेडायचा तो इच्छा पुरी झाल्यावर. मी म्हटलं, "अण्णा, आधी बोलू तरी दे तिला."

तो म्हणाला, "शब्द मिळालाय ना? मग झालंच ते. आपल्याला दिसायचं राहिलंय फक्त."

त्या दिवसापासून घरात एक नवी रीत सुरू झाली. अण्णा वहिनीशी दिवसभर बोलायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, तिचं उत्तर येईल एवढा वेळ. "आज वांग्याची रसवांगी करूं काय?" थांबायचं. तिच्या डोळ्यांकडे बघायचं. "बरं, करतों." चुलत भाचीचं लग्न कुंभकोणमला, तासाभराच्या वाटेवर, तरी गेला नाही. दुपारी आडवा होईना. बाहेर पडायचा तो भाजीपुरता, तेही पळतपळत. मी एकदा वैतागून विचारलं, एवढी कसली घाई? तेव्हा तो जरा लाजल्यासारखा झाला. "ती बोलेल याची मला शंका नाही गं. पण ती बोलेल आणि मी कोठें तरी दुसरीकडे असेन, याची भीती वाटते. पहिला शब्द चुकायला नको."

तिसऱ्या वर्षी मी त्याच्याशी भांडले. तो सुकून चालला होता, जिना चढताना धाप लागायची, पण स्वतःच्या तपासणीला जायला त्याला वेळ नव्हता. मी म्हणाले, "तुला फसवलंय अण्णा. दोन फुलं होती, एक निघालं. गणिताचा मास्तर तू, तुला कळत नाही?"  तो म्हणाला, "असके, झाडून सगळे लोक मला वेडा म्हणतात. तूंही म्हण. पण तिच्यासमोर म्हणूं नकोस." मी महिनाभर त्याच्याकडे फिरकले नाही. त्या महिन्याचं ओझं आता माझ्याजवळ आहे.

तो गेल्यावर मी वहिनीजवळ राहायला आले. तेरावं झालं, माणसं पांगली. महिना उलटल्यावर एका सकाळी मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. जाडसर, गंजलेला, पण स्पष्ट.

"अहो."

मी कॉफी तिथेच ठेवली. धावत गेले. वहिनी ओट्याकडच्या दाराकडे बघत होती. तिने पुन्हा हाक मारली, "अहो..." आणि थांबली, उत्तर येईल एवढा वेळ.

मी तशीच देवळात गेले. पुजाऱ्याला सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "बघा अम्मा, देवीने शब्द पाळला." मी विचारलं, "कुणाला दिला होता?"  मी देवीपुढे उभी राहिले, हात जोडले नाहीत. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. शब्द खरा करून, ज्याला दिला त्यालाच वगळणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला कळेना. तीन वर्षं तो माणूस दारातून हलला नाही, आणि त्याला न्यायला महिनाभर थांबणं तुला जमलं नाही? एवढंच बोलून मी परत फिरले. तेव्हापासून देवळात गेलेली नाही.

वहिनीला तो एकच शब्द येतो. पहिल्यांदा मी तिला जवळ बसून सांगितलं, "वहिनी, अण्णा नाही आता." तिने ऐकून घेतलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा "अहो." मग एकदा मला राहवलं नाही, मी ओट्यावरून "ओ" दिली. तिने वळून बघितलं, मी आहे असं दिसलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. दिवसभर जेवली नाही. आता मी ओ देत नाही. सकाळी ती हाक मारते, तेव्हा हातातलं काम ठेवून मीही दाराकडे बघते, आणि तिचं थांबणं संपेपर्यंत थांबते.