स्पोर्ट मोड आणि कडब्याची गंजी

गाडी कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून उभी होती आणि अंगणातले सगळे वैशालीकडे बघत होते. बॉनेटवरचं हळदीकुंकू अजून ओलं होतं.

वैशाली माझी शिष्या. मी पुण्याजवळच्या चांदे गावात बायकांना गाडी चालवायला शिकवते. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं पोल्ट्रीची अंडी टेम्पोतून पुण्याला पोचवली. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे नाही.

वैशालीच्या सासऱ्यांनी, बबनरावांनी, रस्त्यालगतची जमीन विकली होती. त्या पैशातून राहुलने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, इलेक्ट्रिक गाडी आणली. तीही साधी नाही, जोरातली. परफॉर्मन्स म्हणतात ती. पूजा झाली, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि घरची लक्ष्मी म्हणून सुनेला बसवलं. लिंबं चिरडून चार हात पुढे जायचं, एवढंच काम होतं. पण गाडीला आवाज नाही. चालू आहे का बंद, बाहेर कुणाला कळेना. वैशाली जरा थांबली तसे सगळे ओरडायला लागले, "रेस दे, रेस दे." डिझेलच्या गाडीत रेस दिली तरी ती आधी गुरगुरते, मग हलते. तिने दिली.

पुढचं फार पटकन झालं. लिंबं फुटली, गाडी सुटली, म्हशीने दावं तोडलं. पुढे गंजी होती म्हणून बरं. गंजीच्या मागे भिंत होती.

कुणाला लागलं नाही. बंपरला ओरखडे आले. बबनरावांनी चावी काढून घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे सुनेने गाडीला हात लावायचा नाही आणि नोकरीचंही विसरायचं. वैशालीला महाळुंग्याच्या एका हॉस्पिटलात, लॅबमध्ये, काम लागलं होतं. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळच्या पाळीला आमच्याकडून सोयीची बस नाही. राहुल जुन्या गाडीने पौडला जातो, म्हणजे उलट्या दिशेला. नव्या गाडीची चावी गेली म्हणजे नोकरी गेली. वैशाली नुसती बांगड्या मागेपुढे करत राहिली.

मी पुढे झाले. "बबनराव, चावी माझ्याकडं द्या. चूक हिची का गाडीची, ते मी बघते. हिची निघाली तर मीच हिला घरी बस म्हणून सांगन."

"आन् गाडीची निघाली तर?"

"तर तुमी मागच्या सीटवर बसायचं. ही महाळुंग्यापातुर चालवंल."

"मला मारायचा बेत हाय का आक्का तुमचा?"

लोक हसले. त्या हसण्यामुळेच चावी मिळाली, नाहीतर मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावाबाहेर प्लॉटिंगच्या रस्त्यावर गेलो. तिथे डांबरी रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, घर एकही नाही. शिकवायला उत्तम जागा. आधी मी बसले. पायाच्या अंगठ्याने रेस जराशी दाबली तर मान मागे आपटली. एवढी वर्षं टेम्पो चालवला, असं कधी झालं नव्हतं.

इंजिनच्या गाडीत जोर चढत चढत येतो. मोटरच्या गाडीत तो दाबल्या क्षणी येतो, हे मला ऐकून माहीत होतं. पण पाय इतका हलका असताना इतका जोर? समोरचा स्क्रीन लालभडक होता. मला इंग्रजी वाचता येत नाही. वैशालीला येतं. "मावशी, हितं स्पोर्ट लिहिलंय. मला वाटलं डिझाइन असंल."

आम्ही शोरूमला फोन लावला. तिथल्या मुलीने न कंटाळता समजावलं. गाडीत तीन मोड आहेत, इको, सिटी आणि स्पोर्ट. पाय तोच असतो. पायाने मागितलं त्यातलं किती द्यायचं आणि किती लवकर द्यायचं, हे मोड ठरवतो. आणि ही गाडी शेवटचा मोड लक्षात ठेवते. बंद करून चालू केली तरी तोच राहतो.

मी ते असं समजून घेतलं. पंगतीत तीन वाढपी आहेत. तुम्ही "थोडी आमटी" म्हणालात. एक पळीने वाढतो, दुसरा वाटीने. तिसरा बादलीच उपडी करतो. मागणारा तोच आहे.

पण समजलं म्हणजे पायाला कळलं असं नाही. मी पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे मागवले आणि एकेक करून मागच्या सीटवर उघडे ठेवायला लागले. टेम्पो मी असाच शिकले. वैशालीला म्हटलं, तिन्ही वेळेला पाय सारखाच दाब. इकोत अंडी जागची हलली नाहीत. सिटीत ट्रे मागे सरकला. स्पोर्टमध्ये तो सीटच्या पाठीवर आदळला आणि सगळा बलक खाली आला.

सीट पुसायला राहुललाच बोलावलं. पुसता पुसता त्याला विचारलं, स्पोर्ट लावून ठेवलं कुणी? तो मोबाइल बघायला लागला. मग म्हणाला, पूजेआधी मित्रांना पिकअप दाखवला होता.

"मंग हे बापाला जाऊन सांग. बायकूनं तुझ्या वाटचं ऐकून घेतलंय."

त्याने संध्याकाळी सांगितलं. तेवढं त्याचं कौतुक आहे. बबनराव नुसतं "बरं" म्हणाले. ठरल्याप्रमाणे यायचंही कबूल केलं.

रविवारपर्यंत रोज सराव केला. इकोत तर केलाच, पण स्पोर्टमध्ये जास्त केला. वैशालीला ते बटण नको वाटत होतं. मी ऐकलं नाही. ज्याची भीती वाटते ते स्वतः दाबून बघावं लागतं. शेवटी शेवटी स्पोर्टमध्येही तिचा पाय इतका बेताचा पडायला लागला की ट्रे जागचा हलेना.

रविवारी बबनराव धुतलेली टोपी घालून मागे बसले. एक हात दाराच्या कडीवर. मी पुढे, वैशालीशेजारी. वैशालीने इकोत गाडी काढली. नांदं गाव मागे पडलं तरी त्यांनी कडी सोडली नाही. मग महाळुंग्याच्या रस्त्याला पुढे खडीचा डंपर आला. खडी सांडत, धूळ उडवत, बैलगाडीच्या चालीने. आम्ही बराच वेळ त्याच्या मागे होतो.

पुढे रस्ता रुंद आणि सरळ झाला. समोरून कुणी नव्हतं.

"मावशी, काढू का म्होरं?"

"मला काय इचारतीस? रस्ता तुझ्या डोळ्यापुढं हाय."

तिने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, स्पोर्टचं बटण दाबलं आणि पाय दिला. डंपर जणू रिव्हर्स गेला. गाडी रेषेत, स्टिअरिंग स्थिर. लगेच पाय सोडला, गाडी आपल्या बाजूला घेतली, परत इको.

मी मागे बघितलं, बबनरावांनी कडी दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं, संपलं. आता चावी मागणार.

बबनराव खाकरले. दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं आणि म्हणाले, "पोरी, म्होरं अजून एक डंपर हाय."

सोमवारी वैशाली कामावर हजर झाली. बबनराव मधूनमधून तिच्याबरोबर जातात. महाळुंग्यात काम आहे म्हणतात. त्यांचं तिथे काही काम नाही.

माझ्या शिष्यांना आता बेल्ट, आरसा आणि मोड हे तिन्ही बघितल्याशिवाय मी गाडी हलवू देत नाही. गाडी ताकदीची आहे म्हणून अपघात होत नाही. ती आत्ता किती ताकद देणार, हे चालवणाऱ्याला माहीत नसतं म्हणून होतो.

चावी वैशालीच्या पर्समध्ये असते. राहुलला गाडी हवी असेल तर तो तिला विचारतो.