नेलपॉलिशच्या खुणा

शेजारचे काका निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या गाड्या खोलतात. "घाई नोको करू," असं प्रत्येक इंजिनाला समजावतात.

परवा माझ्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट त्यांनी अंगणातच बदलला. एक दात चुकला तरी इंजिन जातं, म्हणून जुना बेल्ट काढण्याआधी खुणा करायला त्यांनी काकूंची नेलपॉलिशची बाटलीच उचलली. काकूंचा एकच हात रंगवून झाला होता.

नवा बेल्ट चढवून इंजिन पान्याने दोनदा फिरवलं, खुणा जुळल्या, तेव्हा कुठे मला किल्ली फिरवू दिली. गाडी लगेच सुरू झाली.

काका हात धुऊन आले आणि काकूंचा दुसरा हात रंगवायला बसले.

"लोक पाहून राह्यले ना," काकू पुटपुटल्या.

"पाहू दे. घाई नोको करू."