टोल चुकवणाऱ्यांची गल्ली

मुलुंडच्या त्या गल्लीतले खिळे मी अजून विसरलेलो नाही.

टोलनाका चुकवायला गाड्या आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका वस्तीच्या गल्लीत घुसायच्या. धूर आणि हॉर्नला कंटाळून तळमजल्यावरची बिऱ्हाडं घरं विकून गेली. तिथे टायरची, सीट कव्हरची दुकानं आली. मग गल्लीत टायर फुटू लागले. एके दिवशी टायर फुटून डिलिव्हरीचा एक तरुण स्कूटरवरून घसरला आणि टेम्पोखाली त्याचा पाय गेला. गुन्हा दाखल झाला.

पहिला संशय गल्लीतल्या पंक्चरवाल्यावर. दोन दिवस त्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. तो एकच सांगायचा, "साहेब, मी कशाला खिळे टाकू? सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार ना!"

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची फुलवाली आमच्या हवालदाराला म्हणाली, "त्याला सोडा हो. शाळा सुटायच्या आधी एक काका रोज गल्ली झाडतात. पालिकेचे नाहीत ते."

आम्ही साध्या वेशात थांबलो. काका आले. बँकेतून निवृत्त झालेले, हातात झाडू आणि सुपली. सुपलीत खिळे. स्वतःच टाकलेले, शाळेतल्या पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून ते रोज गोळा करायचे.

चौकशीसाठी त्यांना ठाण्यात आणलं.

"काका, त्या पोराचा पाय कापावा लागला," मी म्हणालो.

ते रडू लागले. "त्याला इजा व्हायला नको होती. माझी बायको दूध आणायला खाली उतरली होती, साहेब. तिला उडवणारी गाडी थांबलीसुद्धा नाही. आरोपी मिळून आला नाही, असं तुमच्याच ठाण्याचं पत्र आलं. गल्ली बंद करा म्हणून किती अर्ज दिले. सगळ्यांवर तुमचे शिक्के आहेत."

घरझडतीत एक वही सापडली. बायको गेल्यापासून ते गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपत होते. पंचनाम्यासाठी पानं चाळताना मी एका नंबरावर थांबलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमचीच ना? पांढरी. पावणेनऊची."

मी तेव्हा ठाणे शहरात राहायचो आणि टोल वाचवायला रोज त्याच गल्लीतून ड्युटीवर यायचो.

वही जप्त झाली. तिच्यातले नंबर कोणीही विचारले नाहीत. काकांना शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. तो तरुण आजही कुबडी घेऊन चालतो. आता छोट्या गाड्यांना टोल नाही, तरी सवयीने गाड्या त्याच गल्लीतून जातात.

वहीतल्या एकाही माणसाला लागू पडेल असं कलम माझ्याकडे नव्हतं. मलाही लागू पडेल असं नाही. वही सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोल भरून ड्युटीवर गेलो. त्याने कोणाचं काहीही भरून निघालं नाही.