जानकीमावशीचा सव्वा महिना

जानकीमावशी आमच्या मुलुंडच्या घरी पहिल्यांदा आली ती १९८४च्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी. घरात मी, माझी पत्नी कुसुम आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आमची मुलगी वैशाली असे तिघे होतो. बाळ-बाळंतीण दोघांची मालिश आणि अंघोळ, रोजचे दहा रुपये आणि सव्वा महिन्याने एक साडी, असं ठरायचं होतं. पण मावशीने पैशांचं बोलणं बाजूला सारलं आणि वैशालीकडे न बघताच म्हणाली, "पोरगी मगे बघतलंय. आधी न्हाणी दाखवा."

मी न्हाणीघरातला दिवा लावला. ती आत गेली, पदर खोचला आणि कोरड्या फरशीवर पाय लांब करून बसली. तिच्या टाचा समोरच्या भिंतीला जेमतेम टेकत होत्या. मग दाराच्या फटीशी तळहात धरून तिने वारा किती येतो ते पाहिलं आणि तिथे गोणपाट लावायला सांगितलं. पायांचं एवढं काय, असं मी विचारलं. "पोर माझ्या पायांवर न्हातला," ती म्हणाली. "माझे पाय आखडले तर पोर आखडता."

मावशी पन्नाशीची, अंगाने काटकुळी, पण तळहात मात्र एखाद्या दणकट पुरुषाला शोभावेत असे रुंद. नवरा गिरणीत होता म्हणून मालवणकडून मुंबईला आली. तो गेल्यावर घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका खोलीत राहून तिने हे काम धरलं. नम्रता तिच्या स्वभावात नव्हती. रस्त्यात कुणी शाळकरी मुलगा धावताना दिसला की थांबून बघायची आणि म्हणायची, "ह्येचे पाय माझ्या हातचे." तो मुलगा खरंच तिच्या हातचा होता की नाही, हे पडताळायला मी कधी गेलो नाही.

कामाला हो म्हणताना तिने दोन गोष्टी सांगून ठेवल्या. एकदा बाळंतीण हातात घेतली की सव्वा महिना पुरा होईपर्यंत ती सोडणार नाही आणि बदली बाई पाठवणार नाही. आणि फेब्रुवारीत मात्र ती कुणाचंच काम घेणार नाही, कारण बोरिवलीला दिलेल्या तिच्या एकुलत्या एका मुलीचं, सुलभाचं, पहिलं बाळंतपण तेव्हा होतं. त्या महिन्यात घरी राहून ती लेकीचं सगळं स्वतःच्या हाताने करणार होती. आमचं बाळ डिसेंबरच्या मध्यावर अपेक्षित होतं. म्हणजे जानेवारीअखेर आमचं उरकत होतं. मी मनातल्या मनात दिवस मोजले आणि हिशेब जुळतो असं सांगितलं.

आमची नात दोन आठवडे उशिरा आली. त्यामुळे मालिश सुरू झाली ती थेट नव्या वर्षात.

मावशीची पद्धत ठरलेली होती. बाळंतिणीला पाटावर बसवून ती पायांपासून सुरुवात करायची. आधी तळवे, मग पोटऱ्या, मग मांड्या. पोटाला नुसता तेलाचा हात लावायची, दाब द्यायची नाही. खरा जोर कमरेवर. तिथे मनगटाशेजारचा तळव्याचा भाग टेकवून ती अशी गोल गोल रगडायची की पहिल्या दिवशी वैशाली ओरडलीच. "अंग सैल सोड गो बाय," मावशी म्हणाली. "धरून ठेवलेला अंग माझ्या हाताक कायच सांगणा नाय." चार-पाच दिवसांत वैशालीची कंबर दुखायची थांबली आणि मालिशीनंतर ती दोन तास गाढ झोपू लागली. बाळाचा प्रकार वेगळा. तिथे जोर नाहीच, नुसती बोटं. कोमट तेलाने छातीवरून बाहेर, पाठीवरून खाली, हात छातीवर एकमेकांवर दुमडून पुन्हा उघडायचे, मग पायांचं तसंच. शेवटी डाळीचं पीठ आणि दूध लावून अंघोळ. बाळ रडलं की कुसुमचा जीव कासावीस व्हायचा. "रडांदे," मावशी म्हणायची. "रडान झोपलेला पोर चार तास उठणा नाय." ते मात्र मी घड्याळ लावून पाहिलं होतं. साडेतीन तास भरायचे.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही आणि खोलीत धुरी करायची नाही. तेलाचं मावशीने लगेच ऐकलं. धुरीवरून दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी ओवा आणि बाळंतशेपा फडक्यात बांधून, ती पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला लागली. धूर नाही, वास मात्र घरभर. "तुमच्या डॉक्टरणीक सांगा, जानकीन ऐकला," ती म्हणाली, जणू डॉक्टरीणबाई तिकडे उत्तराची वाट बघत बसल्या होत्या.

जानेवारीच्या मध्याला एके सकाळी मावशी नेहमीच्या वेळेला आली. पाणी तापवलं, मालिश सुरू केली, पण हाताला नेहमीचा जोर नव्हता. थोड्या वेळाने वैशालीने मान वळवली आणि म्हणाली, "मावशी, आज तुमचा हात कुठे आहे?"

मावशी थांबली. तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि सांगितलं ते एवढंच, की सुलू आदल्या दिवशी तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगा झाला, दोघं बरी आहेत. बोलता बोलता तिने पुन्हा वैशालीच्या कमरेला हात घातला.

अडचण काय ती कुसुमने तिच्याकडून एकेक करून काढून घेतली. बोरिवलीच्या एका खोलीत सासरे आणि दोन दीर. तिथे बाळंतिणीची मालिश कुठे करणार? टेकडीवर आणावं तर वर पाणी नाही. नळ खाली, आणि तोही सकाळी दोनच तास. त्याच वेळेला मावशी आमच्या न्हाणीघरात. लेकीसाठी म्हणून राखून ठेवलेला महिना आमच्या नातीच्या उशिराने आणि तिच्या नातवाच्या घाईने खाल्ला होता.

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही उद्यापासून लेकीकडे बघा. आम्ही दुसरी बाई शोधू." मला वाटलं, मी मोठ्या मनाने बोललो. ती भडकली.

"दुसरी बाई? मगे माका कित्याक बोलवल्यात? शब्द दिलेलो आसा मी तुमका."

"अहो, पण तुमची मुलगी..."

"माझी मुलगी माझी आसा. ती माका समजान घेतली."

घेईल, पण तिच्या कमरेचं काय, असं मला विचारायचं होतं. त्याआधी कुसुम म्हणाली, "मावशी, सुलभाला इथेच आणा. आपलं घर तळमजल्यावर आहे, पाणी आहे, न्हाणी तुमच्या पायांच्या मापाची आहे."

दोन खोल्या, दोन बाळंतिणी, दोन बाळं, एक स्टोव्ह आणि रेशनचं रॉकेल, हे माझ्या डोक्यात फिरत होतं. कुसुमने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "यांचा हिशेब चाललाय. चालू दे. तोवर तुम्ही निरोप पाठवा."

पण अडलं मावशीकडून. "लेकीचा पयला बाळंतपण आवशीन करूचा आसता, वैनीनू," ती म्हणाली. "लोकांच्या घरात नाय." त्यावर कुसुमने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की करणारी आईच आहे, फक्त न्हाणी आमची. मावशीने आधी वैशालीची अंघोळ उरकली. निघताना चपला घालता घालता म्हणाली की तांदूळ, तूप, डिंक, तेल सगळं ती आणणार; त्यात आम्ही हात घालायचा नाही.

पाचव्या दिवशी सुलभा आली, आणि मावशीही रात्रीची आमच्याकडेच राहू लागली. आतली खोली चौघींची आणि दोन बाळांची झाली. मी बाहेरच्या खोलीत बाकावर. पाळणा एकच होता, म्हणून दुसरा साडीचा बांधला. दोघांची टोपडी एकाच जुन्या लुगड्याची. एकदा संध्याकाळी मी बराच वेळ गाणं म्हणत झोका दिला आणि मग कळलं की नात कुसुमच्या मांडीवर आहे, मी जोजवतोय तो मावशीचा नातू. तो मात्र छान झोपला होता.

सकाळी आधी वैशाली आणि नात, मग सुलभा आणि नातू, हा क्रम मावशीने मोडला नाही. वैशालीने एकदा म्हणून पाहिलं की आज सुलभाला आधी घ्या. मावशी म्हणाली, "तू कामाची. ती घरची." आतून सुलभाचा आवाज यायचा, "आई, वैशालीताईला हळू आणि मला एवढं जोरात?" त्यावर मावशी म्हणायची, "तिच्या आवशीन तुका जेवूक वाढला मा? मगे गप रव." कुसुमने सांगितलं, हात दोघींना सारखाच होता, फरक तोंडात होता.

बाकावर झोपून माझी मान धरली. वळेचना. मावशीने दारातूनच पाहिलं. पुरुषांना ती हात लावत नसे. "बापयांक मी हात लावणा नाय, पण सांगूक काय जाता?" म्हणत तिने कुसुमला माझ्या मागे उभं केलं. मानेला आधी शिवायचंच नाही, पाठीच्या पात्यांपासून सुरुवात करायची, गरम तेलाने, खालून वर. दुखतं तिथे सगळ्यात शेवटी जायचं, आणि अंगठ्याने नाही, सगळ्या पंजाने. "वैनीनू, अजून जोर," ती दारातून सांगायची, आणि कुसुमने इतक्या वर्षांत माझं काही इतक्या उत्साहाने ऐकलं नव्हतं. दोन्ही मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी मान वळली.

आमचा सव्वा महिना संपला. पैसे आणि साडी मी त्याच दिवशी दिली. वैशाली अजून राहणार होती, म्हणून तिला आणि बाळाला मावशी पुढेही तेल लावत राहिली, पण त्याचे पैसे काढले तर घेईना. सुलभाचा सव्वा महिना भरला तेव्हा जावई न्यायला आला. मुलगा गुटगुटीत झाला होता आणि सुलभा न कण्हता वाकून पाया पडली. कुसुमने तिची ओटी भरली.

सगळे आत असताना मावशी माझ्याकडे बाहेर आली. पदराची गाठ सोडून तिने नोटा काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

"ह्ये सुलूच्या न्हाणाचे. रॉकेलचे."

मी म्हणालो, "मावशी, हे कशाला?"

"दादानू, तेल माझा, तूप माझा, हात माझे. पाणी तापला तुमच्या रॉकेलार," ती म्हणाली. "लेकीचा पयला बाळंतपण मी केला, असा माका म्हणूक होया."

मीही त्या वर्षी लेकीचं पहिलं बाळंतपण केलेला बाप होतो. मी हात पुढे केला आणि नोटा घेतल्या. तशाच खिशात घालणार होतो, पण ती बघत होती. मग तिच्यासमोर एकेक नोट नीट मोजली. पंचवीस रुपये.

"पोचले," मी म्हणालो.

"आता कसा," जानकीमावशी म्हणाली, आणि नातवाला टोपडं बांधायला आत गेली.