शोभाचं दुपारचं खाणं

आमच्या वाशीमकडच्या मालेगावात मला चांगला नवरा म्हणतात. "लकवा झालेल्या बायकोचं एवढं कोन करते, भाऊ?" असं शेजारच्या बाया माझ्या तोंडावर म्हणतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो. ती मान खाली का जाते — हे आज तुम्हालाच सांगतोय, पहिल्यांदा.

शोभा एक्कावन्नची होती. अंगणात कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. उजवा हात, उजवा पाय, वाचा — सगळं गेलं. आम्हाला मूलबाळ नाही. वाशीमच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावलं होतं. गिळायला त्रास आहे, म्हणून पातळ काही नको. घट्ट वरण-भात, कुस्करलेलं अंडं, दही — उशीला टेकवून, चमच्या-चमच्यानं, दिवसातून पाच-सहा वेळा. "पोटात अन्न नसलं तर नुसत्या व्यायामानं हात-पाय येत नाहीत. अंगावरचं मांस झडत जातं." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं नाही.

पहिले पंधरा दिवस मी केलं. एकेका वेळेला तास जायचा. घास गालात अडकायचा, ठसका लागायचा. आणि खाल्लं की — कसं सांगू? — खाल्लं की तिचं खालचं काढावं लागायचं. मला किळस यायची. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर, तिची किळस.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. केसासारखी तांब्याची तार तीन-तीन तास गुंडाळताना माझा हात कधी कंटाळला नाही. मग चमचा धरतानाच का कंटाळला?

एक दिवस तिचं दुपारचं खाणं चुकलं. दुकानात खरंच गर्दी होती. त्या संध्याकाळी साफ करायला फारसं काही नव्हतं, ते माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती, तरी मी दिलं नाही. मग तेच चालू झालं. सकाळी चहात भिजवलेली बिस्किटं, संध्याकाळी चार चमचे मऊ भात. तीन महिने.

ती मागायची. डाव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे न्यायची. मला कळायचं. मी उशी सरळ करायचो, पंखा वाढवायचो — जणू तिला तेच हवं होतं. याच्यापेक्षा वाईट मी जन्मात काही केलं नाही.

व्यायाम करून घ्यायला एक ताई यायच्या. त्या विचारायच्या, "काका, खातात ना नीट?" मी म्हणायचो, "हो, पोटभर." शोभा तिथंच पडलेली असायची, माझ्याकडे बघत.

तिचा दंड काठीसारखा झाला. कंबरेखाली जखम झाली, ती भरेना. तेव्हा तिची धाकटी बहीण मालती शिरपूरहून आली. कूस बदलायला तिनं शोभाला उचललं आणि तशीच थांबली.

"भाऊजी, इले तुमी खायाले काय देऊन राह्यले?"

"सगळंच देतो. तिच्या अंगालेच लागत नाही."

मालती दीड महिना राहिली. ती भरवायची, ती साफ करायची. जखम भरली. पाय जमिनीवर टेकला, मग धरून धरून शोभा उभी राहिली. ताईंना आनंद झाला. हाताचं विचारलं तर म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात, काका. ते अशक्तपणातच गेले." मी मान डोलावली.

हात आला नाही. शोभा आता काठीनं चालते, चार-पाच शब्द जोडून बोलते. वाचा परत आली त्या दिवसापासून मी घाबरून होतो — मालतीला सांगेल. तिनं सांगितलं नाही. माझ्याशीही कधी विषय काढला नाही. ते बरं झालं, असं मला वाटलं. हेही कबूल करतो.

परवा तिची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली, तिच्या डाव्या हाताला सापडेल अशा जागी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली अर्धी भाकरी होती. वाळून कडक झालेली. घरात आता अन्नाला काही कमी नाही, दुपारी मी स्वतः येऊन ताट वाढतो.

मी ती भाकरी होती तशी गुंडाळली, होती तिथंच ठेवली, आणि वर गादी घातली.