दाजींचा पंखा आणि खंडेनवमीचा नारळ

हिंदुराव म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, सोनाबाईचे मालक. मंद्रुपात त्यांना नावानं कुणी ओळखायचं नाही. एसटीतून उतरून ‘इमानवाल्याचं घर’ विचारलं की लोक हात धरून दारापर्यंत सोडायचे. माणूस भारी बढाईखोर. आपली आरती आपणच ओवाळायची आणि वर प्रसादही आपणच खायचा, असला कारभार. माझी गावात पिठाची गिरणी. दळण टाकायच्या निमित्तानं दाजी यायचे आणि गिरणीच्या आवाजावर आवाज काढून स्वतःचं कौतुक सांगायचे. आता खोटं कशाला बोलू, त्यातलं बहुतेक खरंच असायचं. माझा संताप व्हायचा तो त्याच्यामुळेच. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

तरुणपणी ते हवाई दलात सुतार होते. लाकडाची आणि कापडाची विमानं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पेन्शन घेऊन गावी आले ते डोक्यात खूळ घेऊनच. स्वतःचं विमान बांधायचं, एका माणसापुरतं का होईना, पण आपल्या गोठ्यात आणि आपल्या हातानं. परदेशातून नकाशे मागवले, पुण्याच्या भंगारातून एका जर्मन मोटारीचं इंजिन आणलं, आणि बैलांना लिंबाखाली बांधून गोठ्यात विमान घेतलं. माझ्या बहिणीनं बैलांना घरच्या तट्ट्यांचा आडोसा करून दिला.

विमान हळूहळू उभं राहत होतं, तरी दाजींचा सगळा जीव एका वस्तूत अडकला होता. तो म्हणजे पुढचा लाकडी पंखा. पक्क्या वाळलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून त्यांनी तो रंध्यानं आणि कानशीनं तासून काढला होता. मधोमध सळई घालून तराजूसारखा टांगायचे. एक पातं नखभर जरी खाली झुकलं तरी पुन्हा घासायला बसायचे. वारा कापणाऱ्या कडेवर पितळेची पातळ पट्टी बसवली होती आणि टोकाला सुईएवढी भोकं पाडली होती, आत गेलेलं पाणी तिथनं निघून जावं म्हणून. 

“आबा, ह्यो पंखा म्हंजे इमानाचा जीव हाय,” ते मला सांगायचे. “इंजिन बिगडलं तर माणूस तरंगत खाली येतोय. पातं तुटलं तर इंजिनच जागा सोडतंय. मग देवाचं नाव घ्यायलाबी सवड न्हाय.”

त्या पंख्याचे नियम आमच्या घरात सोवळ्याहून कडक होते. पंख्याला धरून विमान ढकलायचं नाही. उभं असताना पंखा कायम आडवा ठेवायचा. उभा राहिला तर लाकडातली ओल खालच्या पात्यात उतरते आणि तेच पातं जड होतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, म्हणून मधले बोल्ट पुन्हा पुन्हा आवळून बघायचे. आणि माळावरचा खडा हा पंख्याचा वैरी. पंखा फिरला की खडा आत ओढतो आणि पात्याचा टवका उडतो. त्यासाठी दाजींनी उड्डाणाची अख्खी पट्टी खडे वेचून साफ करून घेतली होती. बिरप्पा धनगराच्या मेंढरांनी ती तुडवून घट्ट केली. त्याबद्दल बिरप्पाला दोन वर्षं दाजींच्या बढाया फुकट ऐकायला मिळाल्या.

पात्यांना गवसण्या शिवल्या सोनाबाईनं. बाहेरून बिरप्पाकडची घोंगडी, आतून तिच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर, आणि खालच्या अंगाला दमट हवा निघायला फट. लोक आभाळाला गवसणी घालायला निघतात, आमच्या अक्कानं पंख्याला घातली, असं मी चेष्टेनं म्हणायचो. संध्याकाळी गवसणी घालणं आणि सकाळी काढणं हे काम तिचंच. ती काढायची आणि दाजी बोटाच्या पेरानं बुडापासून टोकापर्यंत पातं वाजवत जायचे. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. फळ्यांचा जोड कुठं सुटला असेल तर तिथं आवाज बद्द येतो. एकदा ठोकून झालं की दाजी समाधानानं म्हणायचे, “असा पंखा हिंदुस्थानात न्हाय.” मग चहा. हा त्यांच्या घरचा काकडा होता म्हणा ना.

सत्याहत्तरच्या दसऱ्याच्या आसपास सगळं जुळून आलं. परवानगीचे कागद आले. दाजींना विमान बांधता यायचं, उडवता यायचं नाही. म्हणून त्यांचा दोस्त चनमल्लप्पा उडवणार होता. हा अक्कलकोटकडचा, बोलायला गोड आणि उडवण्यात पटाईत. विमान चालवायला शिकवणं हाच त्याचा धंदा. दसरा झाला की येत्या रविवारी यायचं त्यानं कबूल केलं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, माझ्या गिरणीचा पट्टासुद्धा. त्या वर्षी अर्धं गाव दाजींच्या गोठ्यात. विमानाला झेंडूच्या माळा, पंख्याला हळदकुंकू. नारळ फोडायला दगड पुढं ठेवलाच होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “दाजी, लाकडाचा पंखा म्हंजे नाजूकच की वो. वाऱ्यानं मोडायचा.”

झालं. दाजींचा पारा चढला. “नाजूक? ही पितळंची पट्टी बगितली का?” असं म्हणून त्यांनी नारळ उचलला, आणि मी “अवो दाजी” म्हणेपर्यंत पंख्याच्या कडेवरच हाणला. नारळाची दोन शकलं झाली. पाणी पात्यावरून ओघळलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्या पंख्याला घरातल्या बाईनं धुणं वाळत घालताना पदर लागू दिला नव्हता, त्याच्यावर मालकानंच नारळ फोडला. टाळ्यांत सोनाबाई नव्हती. ती चटकन पुढं झाली आणि पदरानं पातं पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मी तोरणाला झेंडू द्यायला गेलो. बहिणीनं गवसण्या काढल्या. दाजी आले, बोल्ट बघितले, पितळेची पट्टी डोळे बारीक करून बघितली, पुसली. आणि चहाला बसले. ठोकलं नाही. मला वाटलं, सणाच्या गडबडीत विसरले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आणि गिरणीत आले ते पाच मिनिटं गप्प बसून गेले. दाजी गप्प बसलेले मी लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

“अक्का, दाजींचं काय बिनसलंय?” मी बहिणीला विचारलं.

“ठोकत न्हाइत,” ती म्हणाली.

“मग तू सांग की.”

“मी काय सांगू? त्यांस्नी ठावं हाय. म्हणून तर ठोकत न्हाइत.” आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आबा, ह्येंचं धा वर्सांचं काम हाय त्या गोट्यात. पर बसणार हाय त्यो चनमल्लप्पा. त्येलाबी बायकामाणसं हायती.”

मला राग आला, दाजींचा आणि माझाही. मीही टाळी वाजवली होती. पण जाऊन स्पष्ट बोलायची माझी छाती झाली नाही. दाजी घाबरले असतील ही गोष्टच मला पचत नव्हती.

रविवारी माळावर जत्रा लोटली. विमान पट्टीच्या टोकाला आणून उभं केलं होतं, पंखा आडवा, गवसण्या घातलेल्या. चनमल्लप्पा कातडी टोपी घालून आला. त्यानं विमानाला एक फेरी मारली, पंख खालीवर हलवून बघितले, दोऱ्या ओढून बघितल्या आणि पंख्यापाशी आल्यावर हसला. “ह्ये काय मी बगत न्हाय. हिंदुरावनी ठोकलं म्हंजे झालं. हौद की न्हाय?” त्याच्याकडं कानडीत ‘होय’ला ‘हौद’ म्हणतात.

दाजी म्हणाले, “सोने, गवसण्या काड.”

माझी बहीण पंख्यासमोर उभी होती. ती हलली नाही.

“काडत न्हाय,” ती म्हणाली. “आदी तुमी ठोका.”

“अगं, लोकं बगत्यात. मी ठोकलंय.”

“कवा?”

एवढंच विचारलं तिनं. आवाजही चढवला नाही. दाजींना बढाई मारता यायची, खोटं बोलता यायचं नाही. मघाशी निघालं ते अर्धवटच निघालं होतं, आणि पुरं करणं त्यांना जमेना.

शेवटी ते स्वतःच पुढं झाले. गवसण्यांच्या नाड्या त्यांनी आपल्या हातानं सोडल्या. एका पात्यावर पेर आपटत गेले. ठण्ण, ठण्ण, टोकापर्यंत ठण्ण. मग दुसरं पातं, नारळाचं. बुडाशी ठण्ण. मध्यावर ठण्ण. पितळेची पट्टी सुरू होते तिथं बद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. पुढं उभे होते त्या सगळ्यांनी ऐकलं.

चनमल्लप्पानं जवळ येऊन बोट फिरवलं. “वरून तर काय दिसत न्हाय. पट्टी आवळून घ्या. मी इंजिन हळू ठिवतो, एकच घिरटी मारून उतरतो. लोकं लांबनं आल्यात, हिंदुराव.”

मला वाटलं, आता दाजी मान हलवणार. मी त्यांच्या जागी असतो तर हलवली असती. पण ते म्हणाले, “तू बसशील रं. मी बशिवणार न्हाय.”

त्यांनी पाना घेतला, बोल्ट सोडले, पंखा उतरवून बैलगाडीच्या साटीवर आडवा ठेवला आणि करवत मागितली.

“आता करवत कशाला?” मी म्हणालो. “घरी न्या. बगू काय जमतंय का.”

“घरी न्हेला तर राती माझंच मन फिरंल, आबा. सरस भरू, पट्टी लावू, कुणाला कळतंय, आसं म्हनंल. माझं मन मला ठावं हाय.”

आणि ज्या पात्यावर माशी बसू दिली नव्हती, ते पातं त्यांनी सगळ्या गावादेखत मधून कापलं. करवत पट्टीपाशी पोचली तेव्हा आतल्या दोन फळ्या सुटून वेगळ्या झाल्या. नारळानं काय केलं होतं ते तेव्हा उघड्या डोळ्यांना दिसलं. चनमल्लप्पानं डोक्यावरची टोपी काढली आणि त्या फटीत बोट घालून बघितलं. दाजी लोकांकडं वळून म्हणाले, “पंखा मी फोडला. दुसरा करतो.” बढाई नाही, कारण नाही, कुणावर खापर नाही. त्या दिवशी मला आमच्या दाजींचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगितलं तर जगू देणार नाहीत.

हिवाळाभर गोठ्यातून रंध्याचा आवाज येत होता आणि दाजींचा येत नव्हता. दळण टाकायचे, “बरं हाय ना?” म्हणायचे आणि जायचे. गिरणीत गिऱ्हाइकं मला विचारायची, तुमचे दाजी आजारी हायत का. खरं सांगायचं तर मलाच करमेना. ज्या बढायांनी कान किटले होते त्यांची वाट बघत मी बसायचो. अक्कानं नव्या पात्यांच्या मापानं गवसण्या उसवून पुन्हा शिवल्या, आत नवं अस्तर लावलं. ते अस्तर तिच्या दसऱ्याच्या लुगड्याचं होतं हे मला नंतर कळलं.

माघात, थंडी ओसरायच्या आत, चनमल्लप्पा पुन्हा आला. नारळ बिरप्पानं पट्टीच्या पार पलीकडं नेऊन दगडावर फोडला. शकलंसुद्धा त्यानं वेचून घेतली. अक्कानं गवसण्या काढल्या. दाजींनी एक पातं ठोकलं, दुसरं ठोकलं, दोन्ही पाती बुडापासून टोकापर्यंत खणखणीत बोलली, आणि त्यांनी नुसतं चनमल्लप्पाला हात केला.

विमान धावलं, मधेच हलकं झालं आणि सुटलं. गाव ओरडत होतं. बायका पदर डोळ्यांवर धरून वर बघत होत्या. मंद्रुपावरून, ओढ्यावरून, बिरप्पाच्या मेंढरांवरून विमान फिरून आलं, आणि पंख्याच्या आवाजात कुठं खोट नव्हती. दाजी वर बघत नव्हते. डोळे मिटून कानानंच सगळं बघत होते. आणि माझी बहीण दोन्ही गवसण्या छातीशी आवळून पट्टीच्या टोकाकडं बघत होती, जिथं विमान उतरणार होतं. मी तिला म्हटलं, “अक्का, वर बघ की, धा वर्सांचं काम उडालंय.” ती म्हणाली, “उतरू दे आदी.”

विमान उतरलं. चनमल्लप्पा हसतच बाहेर आला. गडी विमानाभोवती कोंडाळं करायला धावले, त्यांना अक्कानं दटावून मागं सारलं. पंखा उभाच थांबला होता. इंजिन निवल्यावर दाजींनी तो फिरवून आडवा केला. ती गवसणी घालायला पुढं झाली तसे ते बाजूला सरले.

“तू ठोक,” ते म्हणाले.

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि पेरानं पातं वाजवत गेली, पहिलं पुरं आणि दुसरं पुरं, टोकापर्यंत. सगळीकडं ठण्ण. मग तिनं गवसण्या चढवल्या, नाड्या बांधल्या, आणि किती महिन्यांनी दाजींच्या तोंडाकडं बघून हसली.

“आता मारा की बढाई,” ती म्हणाली.

दाजींनी मारली. ती अजून संपलेली नाही.