सरहद्द सरकायची वाट पाहणारा वसंता

वसंता गेल्याचा फोन हैदराबादच्या एका वसतिगृहाच्या कचेरीतून आला. बोलणारा कारकून नवा असावा. रजिस्टरात पालक म्हणून माझं नाव लिहिलेलं, त्यामुळे तो हिंदीतून मला धीर देत 'आपका बच्चा, आपका बच्चा' म्हणत होता. मी सांगितलं, बाबा रे, पहाटे झोपेत गेला म्हणतोस तो माझा मुलगा नव्हे, वर्गमित्र आहे. साठी गाठलेला माणूस, तुमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होता... पलीकडून रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज आला. पालकाच्या रकान्यात मला बसवणं ही वसंताने केलेली माझी शेवटची थट्टा. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी फोन ठेवला आणि खुर्चीत नुसता बसून राहिलो.

आम्ही दोघं आदिलाबादच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. माझे वडील तहसीलीत पेशकार, त्याचे वडील तामसीकडच्या खेड्यात कापूस आणि ज्वारी करणारे. निजामाचा अंमल होता, शिकणं सगळं उर्दूत. पुढे संस्थान भारतात आलं आणि आम्ही कॉलेजसाठी हैदराबादला गेलो, तेव्हा तिथे उर्दूची इंग्रजी होऊ घातली होती. मी गणित घेतलं, त्याने तत्त्वज्ञान. तो त्याला फलसफाच म्हणायचा, शेवटपर्यंत. त्याला शिकवणारे वयस्कर प्राध्यापक इंग्रजीतून धडा वाचून दाखवत आणि मग पुस्तक मिटून उर्दूत समजावून सांगत. त्या मिटलेल्या पुस्तकानंतरच्या अर्ध्या तासासाठी वसंता जगायचा. खोलीवर येऊन तेच मला मराठीत ऐकवायचा आणि मी पेंगायला लागलो की उशी काढून घ्यायचा. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा प्राध्यापकांनी त्याला बोलावून सांगितलं की एम.ए.चा अर्ज भर, तुझी जागा धरून ठेवतो.

तो अर्ज त्याने भरला नाही. त्याच वर्षी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या. आमच्या जिल्ह्यातलं किनवट पलीकडच्या मराठी मुलखात गेलं, राजुरा गेलं, आणि मराठी गावांत सगळ्यांची खात्री पटली की आता आपला नंबर. त्याच्या गावात कापसाच्या अडत्याकडे रेडिओ होता. संध्याकाळी सगळं गाव त्या ओसरीवर जमायचं, बातम्यांत आपल्या तालुक्याचं नाव येईल म्हणून. पैनगंगेपलीकडे दिलेल्या लेकींची माणसं निरोप पाठवत, आता तुम्ही आमच्यातच येणार. वसंताचे वडील, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, मोठे समंजस गृहस्थ. त्यांनी पोराला बसवून सांगितलं, "दरखास्त थांबव. सरहद्द सरकू दे. मंग आपल्या लोकाइत शिक, आपल्या भाषेत." लोक म्हणतात बापाने अडवलं. मी तिथे होतो, मला माहीत आहे. आबाजींनी अडवलं नाही, वसंतालाही तेच हवं होतं. ज्या भाषेत आईशी बोलतो त्याच भाषेत फलसफा शिकायचा, या कल्पनेने तो हरखून गेला होता. हैदराबादची मुदत त्याने हसत हसत जाऊ दिली.

सरहद्द सरकली नाही. पुढच्या वर्षी त्याने पुण्याला आणि नागपूरला अर्ज केले. दोन्हीकडून उत्तर आलं की पहिला हक्क आमच्या राज्यातल्या मुलांचा, तुम्ही बाहेरचे. मग हैदराबादला गेला, तर ते प्राध्यापक निवृत्त होऊन आपल्या गावी गेलेले, नव्या माणसांना हा कोण ते ठाऊक नाही. एवढ्यात उटनूरच्या शाळेत मास्तरची जागा निघाली. आबाजी थकले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. तो उटनूरला गेला, तेलुगू लिहायला शिकला, आणि जंगलातल्या गावांमधून येणाऱ्या पोरांना जन्मभर इतिहास शिकवला. अडत्याच्या ओसरीवरचे लोकही हळूहळू पांगले. सरहद्दीचा विषय मी काढला तर तो दुसरंच काही बोलायला लागायचा. मला त्याचा फार राग यायचा. इतका हुशार माणूस एका रेडिओपायी वाया गेला असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो आहे, आणि आजही माझं मत तेच आहे.

निवृत्त झाल्यावर एक दिवस तो सकाळच्या बसने आदिलाबादला माझ्या घरी आला. पिशवीतून तीन फॉर्म काढले. पुणे, नागपूर, हैदराबाद. म्हणाला, या वेळी सरहद्दीला विचारणार नाही, जिथे घेतील तिथे जाईन. फॉर्मबरोबर दोन शिक्षकांची शिफारसपत्रं जोडायची होती. वसंताला शिकवणारा एकही शिक्षक आता हयात नव्हता. शेवटी एक पत्र मी दिलं, जन्मभर गणित शिकवणाऱ्याने, आणि दुसरं उटनूरच्या हेडमास्तरांनी, जे वसंताचेच विद्यार्थी. हा मुलगा कष्टाळू आहे असं मी लिहिलं तेव्हा आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे, या प्रश्नाखाली पानभर जागा सोडलेली होती. त्याने चार वेळा लिहून फाडलं. शेवटी इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं, त्याचा अर्थ असा की मागच्या वेळी अर्ज करायचा राहून गेला होता.

हैदराबादने घेतलं. कमलवहिनी, त्याची बायको, उटनूरच्या स्टँडवर त्याला पोचवायला आल्या होत्या. या वयात घर सोडून चाललेल्या नवऱ्याला बायको काय बोलेल याची मलाच धास्ती होती. त्या एवढंच म्हणाल्या, "जा तुमी. म्या पाहते घराचं." दिवाळीला आला तेव्हा तो वाळलेला दिसला. अभ्यास कसा चाललाय विचारलं तर म्हणाला, चाललाय. त्याच्याबरोबरचं माझं ते शेवटचं बोलणं, आणि तेही इतकं त्रोटक...

त्याच्या जावयाने त्याचा देह उटनूरला आणला. दिवसकार्य उरकल्यावर हैदराबादहून सामान आणायचं होतं, तेव्हा वहिनींनी मला बोलावलं. "सामानाचं काय नाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेथं ते खुश होते काय, तेवढं पाहून या."

मी गेलो. वसतिगृहात त्याची पत्र्याची पेटी आणि वळकटी बांधून ठेवलेली होती. मग त्याच्या विभागात जाऊन त्याच्या प्राध्यापिकेला भेटलो. वसंताच्या मुलीच्या वयाच्या बाई. मी खुर्चीत बसायच्या आत विचारलं, त्याला जमत होतं का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. इंग्रजीतली व्याख्यानं त्याला निम्मी कळत नव्हती. पहिली चाचणी गेली होती. तरी पहिल्या बाकावर असायचा, आणि तास संपला की दारात थांबून त्यांना उर्दूत काहीतरी विचारायचा. त्यांना आजोळची थोडी उर्दू येत होती, तेवढ्यावर भागायचं. शेवटच्या शुक्रवारी त्याने विचारलं होतं, जे होणारच होतं आणि झालं नाही, ते कुठे असतं? कुठेच नसतं म्हणावं, तर आपण त्याच्याबद्दल जन्मभर बोलतो कसं? बाई म्हणाल्या होत्या, मोठा प्रश्न आहे, सोमवारी सवडीने बोलू. हे सांगताना त्या खिडकीकडे पाहत होत्या. मला त्या खोलीत बसवेना.

परतीच्या सगळ्या वाटेवर मी वहिनींना काय सांगायचं ते जुळवत होतो. खुश होता म्हणावं तर नापास झालेला माणूस, नव्हता म्हणावं तर ती दारात थांबण्याची गोष्ट. उटनूरला पोचलो तेव्हा त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पेटी ओट्यावर ठेवली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी काहीच जुळवलं नाही, जे ऐकलं ते सगळं सांगून टाकलं. चाचणीचं सांगितलं, आणि तो शेवटचा प्रश्नही.

वहिनींचा हात थांबला. "हे तं मलेबी इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "जेवाले बसले का रोज कायतरी असंच इचारत."

"मग तुम्ही काय सांगायच्या?"

"म्या काय सांगू, भाऊजी? म्या म्हनत होते, भाकर थंडी होऊन राह्यली, पयले जेवून घ्या."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पदराने डोळे टिपले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "खुशच असतीन मंग. तेथं कोनी जेवून घ्या म्हनलं नसन." मी पाट ओढून बसलो. त्यांनी ताट वाढलं, भाकरी हातात घेतली आणि वाढता वाढता थबकल्या, माझ्याकडे न पाहता. "सवय लागली," त्या म्हणाल्या. "भाकर वाढाच्या आंधी घडीभर थांबाची, ते काय इचारतात ते आयकाले."

त्या तशाच थांबून राहिल्या. मला विचारायला काहीच सुचलं नाही.